पान पोखरणारे पतंग आणि हिंगोलीचे शिवार

पानाच्या वरच्या आणि खालच्या त्वचेच्या मध्ये जो हिरवा गर असतो, त्यात शिरून तो खात खात पुढे सरकणाऱ्या अळीला मराठी कृषिग्रंथांत ‘पाने पोखरणारी अळी’ म्हणतात. तिने खाल्लेल्या जागी पानावर फिकट, वळणावळणाची रेषा उमटते आणि ती रेषा साप सरपटत गेल्याच्या मागासारखी दिसते, म्हणून शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘नागअळी’ हे नाव रूढ झाले आहे. हे नाव किडीच्या रूपापेक्षा तिने मागे ठेवलेल्या खुणेवरून पडलेले असल्यामुळे त्याच्या कक्षेत एकमेकांशी फारसे नाते नसलेले कीटक येतात. लिंबाच्या कोवळ्या पानांवरील नागअळी ही एका पतंगाची अळी आहे, तर टोमॅटो आणि एरंडीच्या पानांवर तशीच रेषा काढणारी दुसरी नागअळी ही एका बारीक माशीची अळी आहे, आणि ही माशी 1990 च्या सुमारास परदेशातून भारतात आलेली आहे. उलट भुईमूग आणि सोयाबीन यांच्या पानांत राहणारी अळी लिंबावरच्या अळीसारखीच पतंगाची असली, तरी तिची खूण नागमोडी रेषेऐवजी करपल्यासारख्या डागाची असते. म्हणून तिला नागअळी न म्हणता काही ठिकाणी ‘पाने पोखरणारी’ आणि काही ठिकाणी ‘पाने गुंडाळणारी’ अशी दोन नावे मिळाली आहेत.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हे पतंग आणि हिंगोली जिल्ह्याचे शिवार यांचा संबंध हा आहे. किडीचा इतिहास सामान्यतः तिच्या आगमनापासून सांगितला जातो, म्हणजे ती कोणत्या वर्षी, कोणत्या वाटेने आणि कोणत्या मालाबरोबर आली येथून त्याचा आरंभ होतो. हिंगोलीच्या शिवारातील पाने पोखरणाऱ्या मुख्य पतंगाला ही मांडणी लागू पडत नाही, कारण तो बाहेरून आल्याचे दिसत नाही. त्याच्या भोवतीची पिके मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर एक नगण्य कीटक थोडा अधिक दखलपात्र होत गेला.

नासपतीच्या पानापासून भुईमुगाच्या पानापर्यंत

पाने पोखरणाऱ्या कीटकांचा पद्धतशीर अभ्यास युरोपात सुरू झाला. फ्रेंच निसर्गाभ्यासक रेने आंत्वान फर्शो द रेओम्युर याने आपल्या कीटकविषयक बृहद्ग्रंथाच्या 1737 साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात या अळ्यांचा स्वतंत्र विचार केला आणि त्यांना खाणकामगारांची उपमा देऊन ‘खाणी काढणाऱ्या’ असे म्हटले. युरोपीय भाषांतील पुढचे शब्द याच उपमेतून आले. मराठीने मात्र खाणीची कल्पना स्वीकारली नाही. उंदीर, वाळवी आणि भुंगेरे यांच्यासाठी पूर्वापार वापरात असलेले ‘पोखरणे’ हे क्रियापद तिने येथेही वापरले, आणि वस्तू बाहेरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होत जाण्याचा जो अर्थ त्या क्रियापदात आहे, तो या अळीच्या कामाला उपमेपेक्षाही नेमका लागू पडतो.

युरोपात ज्या झाडांवर या किडी प्रथम नीट पाहिल्या गेल्या, त्यांत सफरचंद आणि नासपती ही फळझाडे होती. नासपतीच्या पानावर गोल, तपकिरी, फोडासारखे डाग पाडणारा एक पांढुरका, अतिशय लहान पतंग 1836 साली इटलीतील ओरोंत्सो कोस्ता याने वर्णिला, आणि तीनच वर्षांनी, 1839 मध्ये, प्रशियातील शाळामास्तर फिलिप क्रिस्टोफ त्सेलर याने त्याचेच वर्णन दुसऱ्या नावाने केले. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार आधी दिलेले नाव ग्राह्य धरले जाते, त्यामुळे हा पतंग आज ल्युकॉप्टेरा मॅलिफोलिएला या कोस्ताच्या नावाने ओळखला जातो. भारतात अलीकडच्या वर्षांत काश्मीरमधील सफरचंदाच्या बागांत त्याचा उपद्रव नोंदला गेला आहे. हिंगोलीत नासपतीच्या बागा नाहीत, कारण या झाडाला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात दीर्घकाळ टिकणारी थंडी लागते आणि पूर्णा-पैनगंगेच्या खोऱ्यातील हिवाळा तेवढा कडक नसतो. तरीही या पतंगाचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरत नाही, कारण त्याच्यावर काम करणारे हातच पुढे हिंगोलीच्या पिकांवरील पतंगांपर्यंत पोहोचले.

त्सेलरने 1852 साली दक्षिण आफ्रिकेतून स्वीडिश संग्राहक वालबेर्य याने आणलेल्या बारीक पतंगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ‘सबसेसिव्हेला’ नावाची एक जात होती, आणि भारतीय कृषी वाङ्मयात भुईमुगावरील पाने पोखरणाऱ्या अळीसाठी हेच नाव अनेक दशके वापरले गेले. त्सेलरचा सहकारी, लंडनचा हेन्री टिबेट्स स्टेंटन, याने 1856 साली कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून लिंबूवर्गीय झाडांवरील नागअळीच्या पतंगाला फायलोक्निस्टिस सिट्रेला हे नाव दिले. पुढे 1904 मध्ये जावा बेटावरील नमुन्यांवरून डेव्हेंटर याने ‘मोडिसेला’ हे नाव योजले आणि 1906 मध्ये इंग्लंडमधील मार्लबरो येथील शाळेत शिकवणाऱ्या एडवर्ड मेरिक याने ‘नर्टेरिया’ हे नाव दिले. आपल्या हयातीत चौदा हजारांहून अधिक पतंगांना नावे देणाऱ्या मेरिकसारख्या अभ्यासकासमोर जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून टाचणीला टोचलेले आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे नमुने येत. ते कोणत्या पिकावरून पकडले, तेथील शेतकरी त्यांना काय म्हणतात, याची माहिती त्यांच्यासोबत क्वचितच असे.

यामुळे एकाच किडीला अनेक नावे पडली आणि भुईमुगाच्या शेतातील एका अळीचा शोध घेणाऱ्या भारतीय अभ्यासकाला त्सेलर, डेव्हेंटर आणि मेरिक या तिघांच्याही नावांखाली पाहावे लागले. भारतीय पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकलेले नाव अप्रोएरिमा मोडिसेला हे होय. हीच कीड 1998 मध्ये युगांडात भुईमुगावर मोठ्या प्रमाणावर दिसली, तेव्हा ती आशियातून नव्याने आली असावी असा तर्क झाला; परंतु पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलिया येथील नमुने एकमेकांच्या अत्यंत निकटचे आढळले, आणि त्सेलरचा 1852 चा नमुना मुळात आफ्रिकेतलाच होता ही जुनी गोष्ट पुन्हा विचारात घ्यावी लागली. आज अनेक तज्ज्ञ त्सेलरच्या नावाकडे परत वळून या किडीला बायलोबाटा सबसेसिव्हेला म्हणतात. नासपतीच्या पतंगाच्या बाबतीत ज्याचे नाव उशिरा आल्याने मागे पडले, त्याच त्सेलरचे नाव भुईमुगाच्या बाबतीत सर्वांच्या आधीचे ठरले.

लिंबाची नवती

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या परिचयाची सर्वांत जुनी नागअळी बहुधा लिंबावरचीच असावी, कारण लिंबूवर्गीय झाडे आणि हा पतंग दोन्हीही आशियाचेच रहिवासी आहेत आणि विहिरीच्या काठावरचे लिंबाचे झाड मोठ्या बागांच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. मादी पतंग कोवळ्या पानावर सुटे अंडे घालते; अळी बाहेर पडताच पानाच्या त्वचेखाली शिरते, पेशींतील रस पिते आणि चांदीसारखी चकाकणारी वाट मागे ठेवत पानाच्या कडेपर्यंत जाते, तेथे कड दुमडून त्या घडीत कोष करते. पान जून झाले की त्याची त्वचा या अळीला पेलत नाही, म्हणून तिचा सगळा व्यवहार ‘नवती’शी, म्हणजे झाडाला ठरावीक काळाने फुटणाऱ्या कोवळ्या पालवीशी, बांधलेला असतो.

मोसंबी, संत्रा आणि लिंबू यांच्या बागांत बहार धरण्याची प्रथा आहे; झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि नंतर पाणी देऊन फुलोरा आणायचा, असे हे तंत्र असून हंगामानुसार त्याला मृग, हस्त आणि आंबिया अशी नावे आहेत. ताण संपताच सगळ्या बागेला एकाच वेळी नवती फुटते, आणि इतरत्र एखाद्या फांदीपुरती मर्यादित राहणारी नागअळी अशा वेळी बागभर पसरू शकते. तिच्या खाण्याने मोठ्या झाडाचे फारसे बिघडत नाही. रोपवाटिकेतील कलमांचे आणि दोन-तीन वर्षांच्या लागवडीचे मात्र नुकसान होते, शिवाय सोललेल्या त्वचेतून जिवाणूंना वाट मिळून ‘खैऱ्या’ हा पाने, फांद्या आणि फळे यांवर खडबडीत तपकिरी डाग आणणारा रोग बळावतो. कागदी लिंबाला खैऱ्या विशेष लवकर होतो, म्हणून त्या झाडावर अळीपेक्षा तिच्यामागून येणारा रोग अधिक महाग पडतो.

आशियात शतकानुशतके राहिलेला हा पतंग 1993 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोहोचला आणि त्याच दशकात भूमध्य समुद्राभोवतीच्या लिंबूबागांत पसरला. तेथे त्याचे नैसर्गिक शत्रू नसल्याने पहिल्या काही हंगामांत त्याचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यावर उपाय म्हणून फ्लोरिडात त्याच्या अळीत स्वतःची पिल्ले वाढवणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी बाहेरून आणून सोडण्यात आली. जो कीटक मराठवाड्यात सवयीचा होता तोच परक्या भूमीत संकट ठरला. किडीचा उपद्रव तिच्या अंगच्या गुणांवर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच तिच्या शेजारावरही असतो, हे या उदाहरणातून दिसते आणि हिंगोलीतील पुढचा इतिहास समजून घेताना ते ध्यानात ठेवावे लागते.

भुईमुगाच्या आधीचे शिवार

आजचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके आहेत. हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्राचा भाग झाला. संस्थानी काळात हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती आणि 1903 मध्ये ती फौज भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत गावाची ओळख बरीचशी छावणीशी जोडलेली राहिली. दुसरी ओळख कापसाच्या मोठ्या पेठेची होती.

काळ्या जमिनीच्या या शिवारात खरिपात कापूस, ज्वारी आणि तूर, त्यांच्या ओळींमधून मूग आणि उडीद, आणि रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई अशी पिके घेतली जात. नांदेड-परभणी भागातील ‘गावरानी’ हा देशी कापूस लांब धाग्यासाठी प्रसिद्ध होता. शेंगवर्गीय पिकांवर जगणाऱ्या पतंगाच्या दृष्टीने पाहिल्यास या शिवारात त्याचे अन्न नव्हते असे नाही. तूर आणि मूग यांच्या पानांवर ही अळी राहू शकते, आणि काळ्या रानात, बांधावर आणि पडीत आपोआप उगवणारी बावची ही औषधी म्हणून ओळखली जाणारी वनस्पतीही तिला चालते. परंतु हे अन्न ज्वारी-कापसाच्या ओळींत विखुरलेले होते. मादीला एका यजमान झाडापासून दुसऱ्याकडे जाताना मधली अनेक निरुपयोगी झाडे ओलांडावी लागत, आणि त्याच ओळींत तिच्या अळीला टोचणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही असत. अशा परिस्थितीत हा पतंग शिवारात नांदत असूनही कीड या पदवीला पोहोचत नव्हता.

या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात कीटकशास्त्राचे सरकारी तंत्र उभे राहत होते. बिहारमधील पुसा येथे 1905 मध्ये कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली, तिचे कीटकतज्ज्ञ हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1906 मध्ये भारतीय पिकांवरील किडींचा आणि 1909 मध्ये भारतीय कीटकसृष्टीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तर त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी 1914 मध्ये दक्षिण भारतातील कीटकांवर ग्रंथ लिहिला. मद्रास प्रांतात भुईमुगाचा पेरा मोठा असल्याने तेथे या अळीकडे लवकर लक्ष गेले; तमिळ शेतकरी तिला ‘सुरुळ पूची’, म्हणजे पान गुंडाळणारा किडा, म्हणत. निजामाच्या राज्यातील हिंगोली या प्रांतिक कृषिखात्यांच्या कक्षेबाहेर होती आणि संस्थानी दप्तराची भाषा उर्दू होती, त्यामुळे कुणब्याच्या तोंडी असलेली किडींची मराठी नावे कागदावर येण्याची वाट अरुंदच राहिली. परभणी येथे 1918 मध्ये मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले, तेव्हापासून या भागात शास्त्रीय शेतीचा धागा सुरू होतो. 1956 मध्ये तेथे कृषी महाविद्यालय आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला पुढे वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले.

पहिला बदल: भुईमूग

दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग दख्खनमध्ये तेलाच्या वाढत्या मागणीबरोबर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरला आणि मराठवाड्याच्या खरिपातही त्याने जागा मिळवली. पाने पोखरणाऱ्या पतंगाला यामुळे प्रथमच असे शेत मिळाले, ज्यात एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत त्याच्या आवडीचेच झाड होते. मादी पानाच्या खालच्या बाजूला चकचकीत पांढरी, सुटी अंडी घालते. तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी थेट पानात शिरून मधल्या गरात लहान बोगदा करते. सुरुवातीच्या काही दिवसांनंतर ती त्या बोगद्यात मावेनाशी होते, तेव्हा बाहेर येऊन रेशमी धाग्यांनी शेजारच्या पर्णिका एकमेकींना चिकटवते किंवा एकच पर्णिका दुमडते, त्या घडीत राहून खात राहते आणि तेथेच कोष करते. एकाच अळीच्या या दोन वागण्यांमुळे तिला ‘पोखरणारी’ आणि ‘गुंडाळणारी’ अशी दोन्ही नावे मिळाली आहेत, आणि दोन्ही आपापल्या टप्प्यापुरती खरी आहेत. पावसाळ्यातील उबदार हवेत सगळा जीवनक्रम तीन-चार आठवड्यांत पुरा होतो, म्हणजे पीक उभे असेपर्यंत किडीच्या अनेक पिढ्या होऊन जातात.

या किडीचे पावसाशी विळ्याभोपळ्याचे नाते आहे. जोराच्या सरी लहान पतंग आणि अळ्या मारतात, तर पावसाचा खंड पडून पीक सुकू लागले की तिची संख्या झपाट्याने वाढते. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेतील भुईमुगाच्या अभ्यासांनी पाण्याचा ताण आणि या किडीचा उद्रेक यांचा हा संबंध स्पष्ट केला. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यामुळे दुहेरी मार बसतो, कारण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्याच वर्षी अळीही अधिक असते, आणि करपलेले शेत पाहून दोष उन्हाचा की किडीचा, हे सांगणे अवघड जाते. पान उजेडाकडे धरून पाहिले तर मधल्या डागात काळसर विष्ठेचे कण आणि कधी अळीच दिसते. उन्हाने करपलेल्या पानात ते नसते.

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे 1960 च्या दशकात पुरी झाली आणि वसमत भागातील जमिनींना कालव्याचे पाणी मिळू लागले, तेव्हा पिकांच्या वेळापत्रकातही बदल झाला. पूर्वी उन्हाळ्यात रान उघडे पडे आणि अळीला बावचीसारख्या रानझाडांवर दिवस काढावे लागत. आता पाण्याखाली ऊस आणि हळद यांबरोबर उन्हाळी भुईमूगही घेता येऊ लागला. हळदीने पुढे वसमतला राज्यभर नाव मिळवून दिले, पण तिची प्रमुख शत्रू असलेली कंदमाशी जमिनीतील गड्ड्यावर हल्ला करते आणि पाने पोखरणाऱ्या पतंगांच्या इतिहासात हळदीला स्थान नाही. उन्हाळी भुईमुगाला ते आहे, कारण त्याने खरिपाच्या दोन हंगामांमधली उपासमारीची पोकळी काही प्रमाणात भरून काढली.

याच काळात डीडीटी आणि बीएचसी या भुकट्यांची धुरळणी आली. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘पावडर मारणे’ हा प्रयोग तेव्हापासूनचा आहे. पानाच्या त्वचेखाली लपलेल्या अळीपर्यंत ही भुकटी पोहोचत नसे, उलट पानावर उघड्या फिरणाऱ्या गांधीलमाश्यांना ती हमखास गाठे. त्यामुळे पाने पोखरणाऱ्या किडींच्या बाबतीत औषधाचा पहिला बळी बहुधा त्यांचा शत्रूच ठरला. पुढे शेतीतील डीडीटीच्या वापरावर 1989 मध्ये आणि बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली.

दुसरा बदल: सोयाबीन

भुईमुगाने अळीला शेत दिले, तर सोयाबीनने तिच्यासमोर सबंध शिवार उघडले. भारतात या पिकाचा समन्वित संशोधन प्रकल्प 1967 मध्ये सुरू झाला, मध्य प्रदेशात ते 1970 च्या दशकापासून पसरले, इंदूर येथे 1987 मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठाचा ‘जेएस 335’ हा वाण 1994 मध्ये प्रसारित झाल्यावर विदर्भ आणि मराठवाड्यात त्याने जम बसवला. परभणीच्या विद्यापीठाने ‘एमएयूएस 71’, ‘एमएयूएस 158’, ‘एमएयूएस 162’ आणि ‘एमएयूएस 612’ असे वाण दिले. साधारण शंभर दिवसांत निघणारे, रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान वेळेवर मोकळे करणारे, मजुरांची गरज कमी असलेले आणि तेलगिरण्यांमुळे हमखास रोकड देणारे हे पीक होते. खरीप ज्वारी, मूग, उडीद आणि भुईमूग यांची जागा त्याने घेतली, आणि आज हिंगोली जिल्ह्यातील खरिपाच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर सोयाबीनच उभे असते.

सोयाबीन हे भुईमुगाप्रमाणेच शेंगवर्गीय असल्याने पाने पोखरणाऱ्या अळीने त्याला सहज आपलेसे केले. उपद्रवाचे स्वरूप मात्र निराळे राहिले. भुईमुगावर ती एक प्रमुख कीड होती. सोयाबीनवर खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी यांच्या रांगेत तिला मागे उभे राहावे लागले. सोयाबीनच्या झाडाला फुलोऱ्यापूर्वी बरेच पान गमावूनही उत्पादन राखता येते, म्हणून पहिल्या महिन्यातील डागाळलेली पाने पाहून केलेली घाईची फवारणी अनेकदा अनावश्यक असते. खरी काळजी ऑगस्ट-सप्टेंबरमधील पावसाच्या खंडाची असते, कारण त्या वेळी शेंगा भरत असतात, झाड नवी पाने काढत नाही आणि अळीची संख्या वाढण्यास हवाही अनुकूल असते.

सोयाबीनने शिवाराची घडण किती बदलली होती, हे 2008 च्या खरिपात दिसून आले. त्या वर्षी विदर्भ आणि मराठवाड्यात तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनवर असा हल्ला केला की शेतेच्या शेते निष्पर्ण झाली. ही अळी पाने पोखरत नाही, उघड्यावर खाते. परंतु तिच्या उद्रेकाने जी व्यवस्था जन्माला आली तिच्यात पाने पोखरणाऱ्या अळीसारख्या दुय्यम किडींचीही नियमित नोंद होऊ शकली. महाराष्ट्र शासनाने 2009-10 पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला, जो ‘क्रॉपसॅप’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे. कीड सर्वेक्षकांनी ठरावीक आणि यादृच्छिक, म्हणजे वाटेत मिळतील तशा निवडलेल्या, शेतांत जाऊन झाडांवरील अळ्या मोजायच्या, ती संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीशी, म्हणजे ज्या पातळीच्या पुढे फवारणीचा खर्च परवडतो तिच्याशी, ताडून पाहायची आणि त्यानुसार कृषी विद्यापीठांच्या तज्ज्ञांनी सल्ला द्यायचा, अशी त्याची रचना आहे. निंबोळी अर्क, प्रकाश सापळे, पक्षी थांबे आणि नर पतंगांना मादीच्या गंधाचे आमिष दाखवणारे कामगंध सापळे हे शब्द हिंगोलीतील गावागावांत पोहोचले ते अशा सल्ल्यांतून आणि कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांच्या कामातून.

या प्रकल्पाचे ऐतिहासिक महत्त्व किडीच्या बंदोबस्तापुरते मर्यादित नाही. त्सेलर आणि मेरिक यांच्या काळात पतंगाचे नाव एका दालनात ठरत होते आणि त्याचा अनुभव दुसऱ्या टोकाला शेतात घेतला जात होता; कागदावरचा पतंग आणि पानातली अळी यांची गाठ पडण्याचा प्रसंग क्वचित येई. आता अळी मोजणारा माणूस शेतात उभा राहून तिचे मराठी नाव लिहितो, आणि ‘पाने पोखरणारी’ हा शब्द संख्येसह शासकीय नोंदीत येतो.

नातलग आणि पाहुणे

भुईमूग-सोयाबीनवरील हा पतंग गेलेकिइडी नावाच्या कुळातला आहे, आणि त्याच कुळातील आणखी दोन नातलगांनी महाराष्ट्राच्या शेतीत मोठी उलथापालथ केली आहे. पहिला कापसावरील गुलाबी बोंडअळीचा पतंग, ज्याचे वर्णन 1843 मध्ये विल्यम विल्सन सॉन्डर्स याने गुजरातेतील भडोचच्या नमुन्यांवरून केले; 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तो काही वर्षे आटोक्यात राहिला, पण त्या कापसातील विषद्रव्य पचवण्याची ताकद त्याने कमावली आणि 2017 च्या हंगामात राज्यभर मोठे नुकसान केले. दुसरा टोमॅटोवरील टुटा, ज्याची अळी पानात आणि फळात दोन्हीकडे शिरते. मेरिकने 1917 मध्ये पेरू देशातील नमुन्यावरून त्याला नाव दिले, 2006 मध्ये तो स्पेनमध्ये पोहोचला आणि 2014 मध्ये पुणे परिसरातील टोमॅटोवर भारतात प्रथम आढळला. टुटाच्या इतिहासाला वर्ष, ठिकाण आणि वाट आहे. तो खऱ्या अर्थाने पाहुणा आहे.

या दोघांशेजारी ठेवल्यावर सोयाबीनवरील पाने पोखरणाऱ्या पतंगाचे वेगळेपण कळते. टुटा टोमॅटोच्या मागोमाग समुद्र ओलांडून आला आणि बोंडअळीने नव्या कापसाशी झगडून तो जिंकला, तर या पतंगाला यांपैकी काहीच करावे लागले नाही. भुईमूग आणि सोयाबीन ही दोन्ही परदेशी पिके त्याच्या दाराशी आली. हिंगोलीत परका कोणी असेल तर ते पीक आहे, कीड नाही. आणि म्हणून तिला हद्दपार करण्याची भाषा या ठिकाणी मुळातच गैरलागू ठरते. तिची संख्या कमी ठेवायची तर शिवार पुन्हा थोडे मिश्र करावे लागते, सोयाबीनच्या ओळींत तुरीचे तास सोडताना मधेमधे ज्वारीलाही जागा द्यावी लागते, आणि पहिल्या डागालाच औषध काढण्याऐवजी गांधीलमाशीला तिचे काम करू द्यावे लागते.

सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन काढून रान मोकळे होते, तेव्हा पतंगांच्या शेवटच्या पिढीला पुन्हा जुन्या आसऱ्याकडे वळावे लागते. बांधाच्या कडेला बावची त्या सुमारास निळसर फुलांवर असते. नांगर तिच्यापर्यंत पोहोचत नाही, औषधाचा पंपही तिच्यासाठी कोणी उचलत नाही, आणि तिच्या पानातला तो बारीकसा करपट डाग कोणत्याही नोंदवहीत जात नाही. शिवारात भुईमूग आणि सोयाबीन यायच्या आधी हा पतंग जसा राहत होता, तसाच तो तेथे पुढच्या पेरणीपर्यंत राहतो.